ईडेलहून मॅम टॉर आणि किंडर स्काउट: पीक डिस्ट्रिक्टमध्ये पायी फिरायचं तर

कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. किंडर स्काउट, म्हणजे इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली सगळ्यात उंच जागा, ६३६ मीटर. मँचेस्टर, लीड्स, शेफील्डला शिकायला किंवा नोकरीला आलेले, सह्याद्रीत भरपूर भटकलेले आपले लोक हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि जीन्स, स्पोर्ट्स शूज आणि अर्धा लिटर पाणी घेऊन निघतात. दमसास त्यांचा उत्तम असतो, चढ त्यांना जाणवतही नाही. पण किंडरवर माणूस चढाने बेजार होत नाही. वर सपाट, ओलं, ओळखीची एकही खूण नसलेलं पठार आहे. धुकं उतरलं की तिथे चकवा लागतो, आणि वारा-पावसात भिजलेलं अंग जूनमध्येसुद्धा गारठतं. म्हणून इथे निघण्यापूर्वीची तयारी जास्त महत्त्वाची. ती नीट केली तर इतक्या सहज, रेल्वे स्टेशनातून उतरून थेट डोंगरात शिरता येईल अशा जागा फार नाहीत.

मी इथे दोनच वाटा सांगणार आहे. दोन्ही ईडेल स्टेशनापासून सुरू होतात, दोन्हींना गाडी लागत नाही. क्रम मात्र बदलू नका: आधी मॅम टॉरची धार, मग किंडरचं पठार.

आधी नकाशा विकत घ्या

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा ‘एक्सप्लोरर ओएल १, डार्क पीक’ हा नकाशा घ्या. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. शेताची प्रत्येक दगडी भिंत त्यात दाखवलेली असते. फोनमधलं नेहमीचं मॅप अ‍ॅप या कामाचं नाही. ते गावातले रस्ते दाखवतं, डोंगरातली वाट अर्धवट दाखवतं. ऑर्डनन्स सर्व्हेचं अ‍ॅप चांगलं आहे, पण भाग घरूनच डाऊनलोड करून न्या, कारण ईडेलच्या दरीत रेंजचा भरवसा नाही आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. कागदी नकाशा सोबत हवाच.

नकाशावर हिरव्या तुटक रेषा दिसतील. आखूड तुकड्यांची रेषा म्हणजे पायी चालायची वाट, लांब तुकड्यांची म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा असलेली वाट. या रेषेचा अर्थ कायदेशीर आहे: जमीन कोणाचीही असो, त्या रेषेवरून जायचा हक्क सगळ्यांना आहे. वाट सरळ कोणाच्या तरी शेतातून, कधी घराच्या अंगणाला लागून जाते. आपल्याला संकोच वाटतो, पण बिनधास्त जा. तिथल्या लोकांना त्याची सवय आहे. हिरवी रेषा हक्क दाखवते, जमिनीवर मळलेली वाट असेलच असं नाही. उलट बारीक काळी तुटक रेषा म्हणजे जमिनीवर वाट दिसते, पण हक्काची हमी नाही. तिसरी गोष्ट म्हणजे फिकट पिवळसर रंगवलेला मोकळा प्रदेश. तिथे वाट सोडूनही पायी फिरता येतं. किंडरचं जवळजवळ सगळं पठार या रंगात आहे.

हा रंग फुकट मिळालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते आणि राखणदार लोकांना हुसकावून लावत. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार हेफील्ड गावाजवळच्या खाणीत जमले आणि बंदी मोडून किंडरवर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि माळरानावर मोकळं फिरायचा हक्क कायद्याने मिळायला २००० साल उजाडलं. सत्याग्रह म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको, त्यामुळे किंडरवर पाय ठेवताना ही माणसं आठवावीत असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्ष वाटेवर फाटकांच्या आणि कुंपणांच्या खांबांवर तळहाताएवढी गोल चकती ठोकलेली असते, तिच्यावर बाण. पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा. चकती दिसली की बाणाच्या दिशेने समोरच्या भिंतीत पुढची फट शोधा: कुठे दगडी पायऱ्या, कुठे लाकडी फळीवरून ओलांडायची जागा, कुठे एका वेळी एकच माणूस जाईल असं झुलतं फाटक. ती सापडली की मधलं शेत सरळ कापायचं.

वेळेचा हिशेब

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलेला नियम आजही इथे वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं धरा. त्यात जेवण, फोटो, चिखल आणि सोबतची मुलं यांचा वेळ नाही. तो धरून एकूण वेळ मी नेहमी दीडपट करते.

या आकड्यासमोर सूर्यास्त लिहून ठेवा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. महाराष्ट्रात वर्षभर संध्याकाळ जवळपास एकाच सुमाराला होते, त्यामुळे हिवाळ्यातली ही दुपार आपल्या लोकांना हमखास फसवते. ऑक्टोबर ते मार्च हेडटॉर्चशिवाय निघू नका.

हवामान आणि अंगावरचे कपडे

शहराचा अंदाज बघून उपयोग नाही. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, त्यात पीक डिस्ट्रिक्टचं पान आहे. त्यात तीन गोष्टी बघा: माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग, ढग किती खाली उतरणार, आणि वारा धरून जाणवणारं तापमान. झोत ताशी चाळीस मैलांपुढे जाणार असतील तर धारेवर जायचं नाही, दरीतल्या वाटांनी फिरायचं. ढग माथ्याच्या खाली असणार असतील तर पहिल्या वेळी किंडर रद्द.

कपड्यांबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवा: सुती कपडा नको. सुती टी-शर्ट आणि जीन्स भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली उष्णता ओढून घेतात. अंगाला लागून पटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, आणि सॅकमध्ये खऱ्या अर्थाने जलरोधक जॅकेट आणि पँट. छत्री आणि प्लॅस्टिकचा पाँचो घरीच ठेवा, वारा त्यांच्या चिंध्या करतो. टोपी आणि हातमोजे मे महिन्यातही असू द्या. घोट्यापर्यंत येणारे, तळाला खोल खाचा असलेले बूट हवेत. नवे महाग घ्यायची गरज नाही. शहरातल्या धर्मादाय दुकानांत चांगले जॅकेट बरेचदा मिळून जातात. बुटांवर मात्र पैसे खर्च करा.

खायला पोळीचा रोल, दशम्या-चटणी, शेंगदाण्याचा लाडू, खजूर असं हातात धरून खाता येईल ते घ्या; माथ्यावरच्या वाऱ्यात डबा उघडून मांडून बसायची सोय नसते. थर्मासमधला गरम चहा हा हिवाळ्यात चैनीचा नव्हे, गरजेचा भाग आहे. ओढ्याचं पाणी पिऊ नका, वर सगळीकडे मेंढ्या चरतात. दीड-दोन लिटर पाणी प्रत्येकी सोबत घ्या.

ईडेलला पोचणं

मँचेस्टर पिकॅडिली ते शेफील्ड या मार्गावरच्या थांबत जाणाऱ्या गाड्या ईडेलला थांबतात. मँचेस्टरहून साधारण पाऊण तास, शेफील्डहून त्याहून थोडं कमी. लंडनहून यायचं तर सेंट पँक्रसहून शेफील्ड दोन तासांच्या आसपास आणि तिथे गाडी बदला. रविवारी रुळांची कामं निघतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. मँचेस्टरकडून येताना लांब बोगदा संपतो आणि गाडी एकदम ईडेलच्या दरीत बाहेर पडते: डाव्या हाताला किंडरची काळसर कड, उजव्या हाताला मॅम टॉरची गवताळ धार. खिडकीची जागा पकडा, दिवसाचा सगळा भूगोल त्या दोन मिनिटांत समजतो.

पहिली वाट: मॅम टॉरची धार, ईडेल ते होप

साधारण बारा किलोमीटर, सगळा मिळून चारशे मीटरच्या आसपास चढ. नेस्मिथच्या हिशेबाने तीन तास, आरामात साडेचार. शेवट दुसऱ्या स्टेशनावर होतो, त्यामुळे तिकीट होपपर्यंतचं चालेल असं घ्या.

स्टेशनातून दरीतल्या मुख्य रस्त्यावर या, छोटी नदी ओलांडा आणि दक्षिणेकडे शेतांमधून चढणारी हॉलिन्स क्रॉसची वाट धरा. समोरच्या धारेतला सगळ्यात खोलगट भाग म्हणजे हॉलिन्स क्रॉस, नजर तिथेच ठेवा. दीडशे मीटरचा चढ आहे, शेवटचा टप्पा थोडा उभा. ही जुनी खिंड. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा गावातली प्रेतं याच वाटेने पलीकडे होपला दफनाला नेत.

खिंडीत पोचलात की दोन्ही दऱ्या दिसतात. इथून उजवीकडे, पश्चिमेला, मॅम टॉर. वाट सगळी फरसबंद आहे, चुकायला जागा नाही. माथा ५१७ मीटर, त्याच्याभोवती प्राचीन तटबंदीचे मातीचे बांध अजून स्पष्ट दिसतात. गडांवर वाढलेल्या माणसाने ते जरूर शोधावेत. दरवाजा कुठे असेल याचा अंदाज आपोआप येतो. पूर्वेच्या बाजूला डोंगराचा मोठा लचका तुटलेला दिसेल. वरच्या वालुकाश्माच्या थरांखाली ठिसूळ शेल दगड आहे, पावसाचं पाणी त्यात मुरलं की सगळं सरकतं. हे हजारो वर्षं चालू आहे. खाली कॅसलटनकडून येणारा मोटाररस्ता या सरकत्या जमिनीवरून जायचा. दुरुस्त करून करून कंटाळून १९७९ मध्ये तो कायमचा बंद केला. त्याचे डांबराचे तुटलेले थर आजही तिथे पायऱ्यांसारखे लटकलेले आहेत.

आता आलेल्या वाटेने हॉलिन्स क्रॉसला परत या आणि सरळ पूर्वेकडे जात राहा. बॅक टॉरपाशी डाव्या बाजूला कडा तुटलेला आहे, फोटोसाठी टोकावर जाऊ नका. गवत ओलं असतं आणि खालची माती भुसभुशीत. त्यापुढे लूज हिल, ४७६ मीटर. या माथ्यावरची जमीन १९४५ मध्ये शेफील्डच्या भटक्यांनी आपल्या संघाचे संस्थापक जी. एच. बी. वॉर्ड यांना सन्मान म्हणून दिली आणि त्यांनी ती नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. माझ्या मते या धारेवरचा सगळ्यात सुंदर देखावा इथला आहे, मॅम टॉरवरचा नाही, आणि गर्दीही निम्मी. बसून खायचं तर इथे.

उतार आग्नेयेला, लूजहिल फार्मच्या दिशेने, मग शेतांमधून होप गावात. डोंगरातून बघताना सिमेंट कारखान्याची उंच चिमणी दिसते, गाव तिच्या अलीकडे. स्टेशन गावात नसून पूर्वेला आणखी एक किलोमीटरवर आहे. गाडी गाठायची असेल तर ही वीस मिनिटं हिशेबात धरा.

हवा बिघडली तर हॉलिन्स क्रॉसवरून डावीकडे ईडेल किंवा उजवीकडे कॅसलटन, कुठेही अर्ध्या-पाऊण तासात उतरता येतं. ही धार पहिल्यांदा करायला सांगते ती याचसाठी. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना गाडीने मॅम टॉरच्या मागच्या बाजूला, मॅम निक नावाच्या कार पार्कपर्यंत न्या. तिथून माथा शंभरेक मीटर चढावर, दगडी पायऱ्यांची वाट. गुडघे बरे असतील तर अर्ध्या तासात आरामात पोचतात.

दुसरी वाट: जेकब्स लॅडरवरून किंडरचं पठार

तेरा-चौदा किलोमीटर, साडेचारशे मीटर चढ, पण वेळ सहा तास धरा. ही वाट स्वच्छ हवेचीच.

स्टेशनवरून गावात वर जा, टोकाला ओल्ड नॅग्ज हेड हा पब. त्याच्यासमोरून पेनाइन वे सुरू होतो: १९६५ मध्ये खुली झालेली, इथून स्कॉटलंडपर्यंत जाणारी ४३१ किलोमीटरची पायवाट. आपल्याला तिचा फक्त पहिला तुकडा हवा आहे. शेतांमधून पश्चिमेला अपर बूथ, पुढे ली फार्म, मग ओढ्यावरचा छोटा कमानीचा दगडी पूल. पुलापासून जेकब्स लॅडरच्या पायऱ्या सुरू होतात. अठराव्या शतकात इथे राहणाऱ्या जेकब मार्शल नावाच्या शेतकऱ्याने स्वतःसाठी ही जवळची वाट खोदली. त्याची लादलेली घोडी बाजूच्या वळणावळणाच्या वाटेने यायची. गुडघे कुरकुरत असतील तर ती घोड्यांची वाट आजही आहे.

पायऱ्या संपल्या की उजवीकडे वळून पठाराच्या कडेला या. इथे निर्णय घ्यायचा आहे. पेनाइन वे उत्तरेला ६३३ मीटरच्या किंडर लोकडे जातो आणि पुढे किंडर डाउनफॉल या तीस मीटरच्या धबधब्याकडे. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचं पाणी उलटं वर उडतं, आपल्याकडच्या घाटमाथ्यावरच्या उलट्या धबधब्यांसारखंच. पण तिथे जाऊन यायला तासाहून जास्त लागतो. पहिल्या खेपेला तो सोडा आणि पूर्वेला वळा.

इथून पुढे एकच सूत्र: ईडेलची दरी कायम उजव्या हाताला, आणि कड सोडायची नाही. नोए स्टूल, पिम चेअर, मग वूलपॅक्स नावाचा वाऱ्याने घासलेल्या शेकडो शिळांचा मेळा, असं एकेक ओळखत जा. प्रत्येक नाव नकाशावर आहे. पोचलात की बोट ठेवून खात्री करा. डावीकडे आत जायचा मोह होईल, कारण सगळ्यात उंच बिंदू तिकडेच कुठेतरी आहे. जाऊ नका. आत पीटची जमीन आहे, हजारो वर्षं कुजत साठलेल्या शेवाळ्या-गवताचा काळा थर, काही ठिकाणी माणसापेक्षा खोल. पाण्याने त्यात घळ्या कोरल्या आहेत, त्यांना इथले लोक ग्रफ म्हणतात. घळीत उतरलं की दोन्ही बाजूंना काळ्या भिंती, वर आकाश, आणि बाहेर पडलो की दिशा बदललेली. होकायंत्र वापरता येत असेल तरच आत शिरा. त्याचा सराव मॅम टॉरच्या धारेवर करून ठेवा: नकाशा उत्तरेला लावा, दिसणाऱ्या प्रत्येक टेकडीचं नाव ओळखा. इंग्लंडमध्ये सध्या चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर जवळपास एकच आहे, त्यामुळे दुरुस्तीची भानगड नाही.

क्राउडन टॉवरच्या पुढे एक खोल घळ आडवी येते. थोडं उतरून ओढा ओलांडा आणि पलीकडे पुन्हा चढा. घळीतून खाली ईडेलला जायचा विचार करू नका, तिथे हात लावून उतरावं लागतं आणि दगड निसरडे असतात. पुढे ग्रिन्डस्लो नोल, ६०१ मीटर. तिथून आग्नेयेला सरळ सोंडेने उतरणारी वाट थेट गावात, पबच्या मागच्या शेतांत आणून सोडते.

वाटेत जिथे चौकोनी फरशा लागतील तिथे चिखल कितीही मोहक दिसो, फरशीवरूनच चाला. बाजूला पाय पडला की पीट उघडं पडतं आणि वाहून जातं. यातल्या बऱ्याच फरशा बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीच्या आहेत, हेलिकॉप्टरने वर आणून बसवलेल्या. वाकून बघितलं तर काहींवर यंत्रं बसवायची भोकं दिसतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात होता. त्याच कापडधंद्याच्या जमिनीवरून आपण चालत असतो, हे मला तरी विसरता येत नाही.

ऑगस्टमध्ये आलात तर सगळा माळ हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरलेला असतो. हिवाळ्यात नशीब असेल तर पांढरा झालेला डोंगरी ससा दिसतो. इंग्लंडमध्ये तो फक्त याच भागात उरला आहे.

गुरं, फाटकं, तंबू

फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. वासरं असलेल्या गायींच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. गाय आपली ओळखीची म्हणून इथे लोक जवळ जातात; इथल्या गायी मोठ्या असतात आणि वासरासाठी अंगावर येतात. कुत्रा सोबत असेल तर मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै दोन मीटरपेक्षा लांब नसलेली साखळी कायद्याने बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. चूल, शेकोटी, डिस्पोजेबल बार्बेक्यू अजिबात नको. सुकलेलं पीट आतून दिवसेंदिवस धुमसत राहतं. गडावर तंबू ठोकायची सवय असली तरी इंग्लंडमध्ये, डार्टमूरचा अपवाद सोडला, तर मालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर मुक्काम करता येत नाही. ईडेलमध्ये कॅम्पसाइट आहेत, तिथे उतरा.

अडचण आली तर

९९९ला फोन करा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू सांगा. नकाशावरचा सहा आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशाच्या चौकटींवरून तुमची नेमकी जागा सांगणारा आकडा, तयार ठेवा. तो अ‍ॅपमध्ये दिसतो. बोलण्याइतकी रेंज नसते तेव्हा मेसेज जातो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो: घरीच ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून ९९९ला पाठवा आणि आलेल्या सूचना पाळा. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. मदतीला येणारे सगळे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. वाट बघताना ओल्या जमिनीवर बसू नका, सॅकवर बसा आणि असतील ते सगळे कपडे घाला. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे निघण्यापूर्वी कोणाला तरी सांगून ठेवा, आणि परतल्यावर त्यांना कळवायला विसरू नका.

घरी आलात की त्याच संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला गोचीड आहे का बघा. एप्रिल ते ऑक्टोबर नेच्यांच्या आणि उंच गवताच्या वाटांवर त्या हमखास चिकटतात. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. चिरडू नका, तेल किंवा काडेपेटी लावू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल वर्तुळासारखा चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि आपण पीक डिस्ट्रिक्टमध्ये चाललो होतो, गोचीड निघाली होती, हे आपणहून सांगा.